मस्कीचा रॉड लांब का होत गेला

मंडळी, विस्कॉन्सिनच्या उत्तरेला हेवर्ड नावाचं गाव आहे. तिथे फायबरग्लासचा एक अजस्र मासा उभा आहे, जवळजवळ चार मजली इमारतीइतका उंच. आत जिना आहे, जिना चढून त्याच्या जबड्यात जाऊन फोटो काढायचा असतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अल्बममध्ये तो फोटो असेल. तो मासा म्हणजे मस्केलंज, लाडाने मस्की. नाव ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेलं, आणि 1955 पासून हा विस्कॉन्सिनचा राज्यमासा.

याच हेवर्डच्या परिसरात 1949 साली तीन महिन्यांत दोन विश्वविक्रम झाले. जुलैत कॅल जॉन्सन यांनी 67 पौंड 8 औंसांची मस्की धरली आणि ऑक्टोबरात लुई स्प्रे यांनी 69 पौंड 11 औंसांची. यातला खरा विक्रम कोणता यावर अजून भांडण चालू आहे. एक संस्था जॉन्सन यांना मानते, दुसरी स्प्रे यांना. 2005 साली तर स्प्रे यांच्या जुन्या फोटोंवरून माशाची लांबी मोजून आक्षेप घेतला गेला, आणि 2006 मध्ये हॉल ऑफ फेमने विक्रम कायम ठेवला. (पानिपतावर आपण जितकं भांडतो तितकंच हे लोक त्या माशावर भांडतात.)

मला मात्र विक्रमापेक्षा हत्यारात रस आहे. त्या काळचे मस्कीचे रॉड होते साडेपाच-सहा फुटांचे, आणि ताठ. इतके ताठ की लोक त्यांना बिलियर्ड्सची काठी म्हणत. आज त्याच तळ्यांवर साडेआठ-नऊ फुटांचे रॉड सर्रास दिसतात, दहा फुटांचेही मिळतात. मासा काही लांब झालेला नाही. मग रॉड का वाढला?

आधी आखूड का होता ते पाहू. वल्ह्यांची छोटी होडी, तीत दोन-तीन माणसं, म्हणजे लांब काठी फिरवायला जागा नाही. गळाला लाकडी आमिष. अँटिगो गावचा 'सुइक' हा त्यातला प्रसिद्ध नमुना. तो रॉडचा शेंडा खाली झटकून चालवायचा असतो, आणि काठी लांब असेल तर शेंडा पाण्यावर आपटतो. शिवाय मस्की लाकडात दात रुतवून घट्ट धरून ठेवते. गळ तिच्या तोंडात रुतायचा तर आधी ते लाकूड दातांतून सरकायला हवं. दोरा डॅक्रॉनचा, थोडाफार ताणला जाणारा, त्यामुळे झटका निम्मा दोऱ्यातच जिरायचा. म्हणून काठी ताठ. आणि मासा होडीशी आला की पुढचं काम सोपं होतं, कारण बरेच गाइड पिस्तूल बाळगत. होय, माशाला गोळी घालत! जो मासा मारायचाच आहे त्याला जपून हाताळायचं कशाला?

हे बदललं ते 1966 पासून. त्या वर्षी मिनेसोटात गिल हॅम यांनी 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' ही संस्था काढली, आणि धरलेली मस्की परत सोडण्याची रीत हळूहळू रुजली. रत्नागिरीहून आलेल्या माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "धरलान् आणि सोडलान्? मग धरलान् कशाला?" प्रश्न बिनतोड आहे. पण आपल्याकडेही देहूला इंद्रायणीतल्या माशांना कोणी हात लावत नाही, आणि लोणावळ्याला टाटांनी महसीरची पैदास करून पिल्लं नद्यांत सोडली. मोठा मासा दुर्मिळ झाला की माणसाला शहाणपण येतं. आज मिनेसोटात 54 इंचांखालची मस्की ठेवताच येत नाही.

सोडायचा मासा दमून मरता कामा नये. त्याला झटपट होडीशी आणायचं, मोठ्या जाळ्यात पाण्यातच ठेवायचं, गळ निघत नसेल तर कातरायचा. पाणी 80 अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की समजूतदार लोक मस्कीच्या नादी लागत नाहीत. म्हणजे सामान भक्कम हवं. 1990 च्या दशकात विणलेला नवा दोरा आला, बारीक पण 80-100 पौंड सहज पेलणारा, आणि जवळजवळ न ताणला जाणारा. आता झटका पेलायला दोरा उरला नाही, ते काम रॉडवर आलं. ग्रॅफाइटमुळे लांब रॉडही हलका झाला होताच. त्यात आमिषं फुगली. दोन मोठी पाती फिरणारे बकटेल आले, पाऊण-एक पौंडाची रबरी आमिषं आली. ती सहा फुटी काठीने दिवसभर फेकून पाहा, दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर बोटं चालणार नाहीत.

पण मुख्य कारण होडीलगतचं आहे. मस्कीला खोड अशी की ती आमिषामागे थेट होडीपर्यंत येते आणि नुसती बघत राहते. तेव्हा रॉडचा शेंडा पाण्यात खुपसून आमिषाने इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं. चार फूट लांबीचा मासा आखूड वळणावर वळू शकत नाही, ट्रकला बोळात वळवण्यासारखं आहे ते. लांब रॉडने वळण मोठं निघतं, आमिष खोलही जातं, आणि मासा वळणावर झडप घालतो.

दुकानदार सांगतात की लांब रॉडने माशावर जोर जास्त येतो. हे मला पटत नाही. नववीतली तरफ आठवा: पुढचा हात लांब झाला की जोर आपल्याच मनगटावर येतो. लांब रॉडने एका ओढीत दोरा जास्त खेचला जातो, एवढंच. म्हणूनच अशा रॉडची मूठही लांब करतात, काखेखाली टेकवता यावी म्हणून.

आमच्या बारा वर्षांच्या मुलासाठी मी या हिशेबाने 8 फुटी घेतला, मध्यम वजनाच्या आमिषांचा. नऊ फुटी त्याच्या उंचीला झेपणार नव्हता, आणि सात फुटीवर आठचा आकडा फारच चिमुकला निघाला असता. सुइकसारखी आमिषं वापरायची असतील त्यांनी मात्र साडेसहा-सात फुटीच घ्यावा, तिथे जुने लोक बरोबर होते. आमच्या मिनीव्हॅनमध्ये आठ फुटी अखंड रॉड डॅशबोर्डपासून मागच्या दारापर्यंत तिरका मावतो. त्याहून लांब हवा असेल तर मूठ आत सरकणारे रॉड मिळतात, ते होडीच्या कप्प्यातही बसतात.