पुऱ्यांचे वैभव आणि आपली वस्ती

शहरातील जुन्या, संपन्न पेठेत आपला वाडा असावा, असे कोणास वाटत नाही? आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांचे मूळ घर गुलमंडी, राजाबाजार अथवा बेगमपुऱ्यात. संसार मात्र आज बजाजनगरात आहे. मेळाव्यात जुन्या वाड्यांचा अभिमान वारंवार ऐकू येतो. परंतु ते पुरे वैभवास चढले कशामुळे आणि ते वैभव टिकले कितपत, याचा विचार क्वचितच होतो. तो थोडक्यात मांडण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी गावी नगर वसविले. गावाच्या नावातच त्याची अडचण सांगितलेली आहे. भूमी खडकाळ आणि खाम नदी लहान. मोठ्या वस्तीस पाणी पुरावे कसे? अंबराने उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे झिरपणारे पाणी भुयारी नहरीत गोळा केले व नळांतून केवळ उताराच्या बळावर नगरात आणले. ते चौकाचौकांतील हौदांत पडू लागले, तेव्हा कोठे येथे मोठी वस्ती शक्य झाली. आधी पाणी आणि मग पेठ, असा हा क्रम आहे.

पुढे मोगलांचा अंमल आला. औरंगजेबाची छावणी व दरबार येथे राहिल्याने सरदारांनी तटाच्या आतबाहेर आपापले पुरे वसविले. जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा, भावसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा ही नावे त्या काळच्या राजपूत मंडळींची आठवण देतात. गंमत अशी की, नगराचे नाव खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे पालटत गेले. पुऱ्यांची नावे मात्र राहिली. नगराचे नाव राज्यकर्ते ठेवतात, पुऱ्याचे नाव राहणाऱ्यांच्या तोंडी टिकते.

१७६३ साली निजामाने राजधानी हैदराबादेस हलविली. दरबारामागून उमराव गेले, उमरावांमागून त्यांचा पैसा गेला. मागे राहिले ते विणकर, रंगारी, कासार, सराफ, किराणा व्यापारी, पुजारी आणि मुजावर. ज्यांनी पुरे वसविले त्यांचे वाडे ढासळले; ज्यांना दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती त्यांनी शहर सांभाळले. हे इतिहासाचे पान अभिमानाने वाचण्यासारखे आहे.

नहरींचे मात्र तसे झाले नाही. नहर ही कोणा एकाच्या मालकीची वस्तू नव्हे. वरच्या पुऱ्यात गाळ साचला की खालच्या पुऱ्यातील हौद कोरडा पडतो. घर ज्याचे त्याने झाडावे. नहर सर्वांनी मिळून झाडावी लागते. हे सामायिक काम सुटत गेले आणि नहरीही एकेक करून निकामी झाल्या. आम्ही शाळेतील मुलांस पाणचक्की दाखविण्यास नेत असू, तेव्हा चक्रापेक्षा त्यावर पडणारे पाणी कोठून येते, हेच आधी विचारीत असू. उत्तर देणारी मुले थोडी निघत.

आता आपल्या बजाजनगराकडे वळू. वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या व इतर कारखान्यांच्या आश्रयाने ही वस्ती वाढली. येथे सरदार नव्हते. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातून आलेल्या कामगारांनी पगारातून हप्ते फेडून घरे बांधली. कारखान्याचे नाव वस्तीस मिळाले, जसे पूर्वी सरदाराचे पुऱ्यास मिळे. पाणी मात्र उलट दिशेने येते. १९७६ साली उद्घाटन झालेले जायकवाडी धरण शहरापेक्षा सखल भागी असल्याने नाथसागराचे पाणी विजेच्या पंपांनी वर चढवावे लागते. अंबराचे पाणी आपण होऊन खाली येत असे. आपले पाणी रोज विकत वर आणावे लागते. म्हणूनच त्याची सामायिक काळजी पूर्वीपेक्षा अधिक हवी.

आज जुन्या वाड्यांच्या वाटण्या होत आहेत, विक्रीही होत आहे. हिस्सेदारांच्या अडचणी आम्हांस ठाऊक आहेत. विकू नका, असे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु वाडा पाडण्यापूर्वी त्यातील हौद, आड, नहरीचे तोंड व चौक यांचे मोजमाप आणि छायाचित्रे घ्यावीत. मोडी व उर्दू खरेदीखते जाणकारांकडून वाचवून नकला पुढील स्मरणिकेसाठी द्याव्यात. आणि बजाजनगरात प्रत्येक गल्लीने पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याचे काम एकत्र हाती घ्यावे.

वैभव वारशाने मिळते, पण वस्ती वारशाने टिकत नाही. ती रोज सांभाळावी लागते. बजाजनगरही शे-दोनशे वर्षांनी जुनेच होणार आहे. तेव्हाच्या मुलांनी आपले पाणी कोठून येते असे विचारले, तर त्यांना उत्तर देता यावे, एवढी सोय आपण आज करून ठेवावी, ही सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती.