वेताळापासून नारुतोपर्यंत : आपले वीर कोणत्या भाषेत बोलतात?



गेवराईत इतिहासाचं व्याख्यान आहे म्हटल्यावर समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी मनात राक्षसभुवन धरलेलं असणार, याची आम्हाला कल्पना आहे. ते रास्तच आहे. १० ऑगस्ट १७६३ ला इथंच, आपल्या तालुक्यात, गोदेच्या काठावर निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला आणि अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांची सगळ्या दख्खनला ओळख झाली. त्या लढाईवर आम्ही आधीही बोललो आहोत आणि पुन्हा बोलू. आज मात्र वीर दुसरे आहेत. कुणी तोंडावर मुखवटा घालतो, कुणी केस पिवळे करून आकाशात उडतो, आणि एक जण नुसती सायकल हाणतो.

हसू नका. लहानपणी आपण कुणाला वीर मानलं, हाही इतिहासच असतो. बखरी मोठ्यांनी लिहिल्या. पोरांची बखर कुणी लिहिली नाही. ती थोडी आज मांडू. मांडताना एकच प्रश्न हातात धरायचा आहे : हे वीर आपल्याशी कोणत्या भाषेत बोलले?

सुरुवात वेताळापासून. अमेरिकेत ली फॉक नावाच्या लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रात ‘फँटम’ सुरू केला. सुपरमॅन आला १९३८ मध्ये, बॅटमॅन १९३९ मध्ये. म्हणजे अंगाला घट्ट पोशाख आणि तोंडावर मुखवटा ही तऱ्हा त्यांच्या आधी फँटमने आणली. टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स निघाली आणि त्यांत फँटम आला. मराठी आवृत्तीत त्याचं नाव झालं वेताळ.

या नावापाशी जरा थांबू या. हिंदीतही तो वेतालच झाला, पण तिकडे वेताल म्हटलं की विक्रमाच्या खांद्यावरचं गोष्टी सांगणारं प्रेत डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे वेताळ म्हणजे तेवढंच नाही. आपला वेताळ गावाच्या शिवेवर असतो. शेंदूर फासलेला दगड, वर छप्पर नाही, आणि रात्री-अपरात्री सगळ्या भुतांना आवरून धरण्याचं काम त्याच्याकडे. गोव्यात तर बेताळ ग्रामदैवत म्हणून पुजला जातो. आता फँटम पाहा. लोक त्याला चालतं-बोलतं भूत म्हणतात, तो मरत नाही असं समजतात, आणि तो जंगलाची शीव राखतो. अमेरिकेतल्या त्या गड्याला आपल्या शिवेवरच्या दगडाचं नाव दिलं आणि तो आपल्या गावचा झाला. नुसता शब्दकोश उघडून हे जमत नाही. ज्याने कुणी हे नाव दिलं त्याला आम्ही मनातल्या मनात दंडवत घालतो.

छापणाऱ्यांनी आणखी एक केलं. मूळ कथेतल्या देशाचं नाव बंगालशी फार जुळणारं होतं. इंद्रजालने ते बदलून डेंकाली केलं. म्हणजे बाहेरचा वीर आणायचा, पण आपल्या वाचकाला तो कुठे खुपेल, कुठे रुचेल, हे पाहून आणायचा. ही काळजी कुणीतरी घेत होतं, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आमच्या लहानपणी स्टँडाजवळच्या एका टपरीत ही पुस्तकं दहा पैसे भाड्याने मिळायची. अट अशी की तिथंच बसून वाचायची. आम्ही एक जण मोठ्याने वाचायचो आणि चौघं खांद्यावरून चित्रं बघायचो. दहा पैशांत पाच वाचक. टपरीवाल्याला ते कळायचं, पण तोही कान देऊन असायचा. वेताळाची एकविसावी पिढी चालू आहे, बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, पहिल्या पूर्वजाने १५३६ मध्ये कवटीवर हात ठेवून चाचेगिरीविरुद्ध शपथ घेतली, हे सगळं आम्हाला पाठ होतं. आमच्यातला एक जण म्हणायचा, ‘ही तर कवटीच्या गुहेची पाटीलकी आहे!’ वतन बापाकडून मुलाकडे जातं, हे मराठवाड्यातल्या पोराला समजावून सांगावं लागत नव्हतं.

मोठेपणी त्यातलं दुसरंही दिसलं. गोरा माणूस काळ्या लोकांचा रखवालदार, आणि ते सगळे त्याच्या आज्ञेत. मँड्रेक जादूगाराचा लोथार तर ताकदीने राजा, पण उभा कायम मागे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाची रयत असलेल्या गावातल्या पोरांना हे खटकायला हवं होतं. नाही खटकलं. वेताळावरचं प्रेम अजून आहे. पण आता ते डोळे उघडे ठेवून आहे.

याच काळात आपल्या घरचा एक वीर पुण्यात सायकल मारत होता. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे. गाव फुरसुंगी, शाळा विद्याभवन, अंगाने काडी, तोंडात ‘ट्टॉक’. त्याला कसलीच शक्ती नाही. चिलखत नाही, गुहा नाही, इस्टेट नाही. नाक खुपसायची खोड आणि पळायची चपळाई, एवढ्यावर तो चोर, हेर, तस्कर सगळ्यांना पुरून उरतो. आम्हाला विचाराल तर जगातल्या सगळ्या वीरांच्या पंगतीत आम्ही पहिलं पान त्याला वाढू. बॅटमॅनच्या मागे गडगंज पैसा आहे. तो काढून घ्या आणि मग बघा. फेण्याची सायकल पंक्चर झाली तरी तो फेणेच राहतो.

भागवतांनी ज्यूल व्हर्नही मराठीत आणला होता. बाहेरचं आत कसं आणायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, म्हणूनच बहुधा ‘फास्टर’ हा इंग्रजी शब्द त्यांनी बिनदिक्कत फुरसुंगीच्या पोराला चिकटवला. तो आज आपल्याला इंग्रजी वाटतच नाही. पुढे दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ झाला. पण पडद्यापेक्षा पुस्तकातला फेणे वेगळाच पळतो.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९६७ मध्ये अनंत पैंनी अमर चित्र कथा सुरू केली. पुराणातले आणि इतिहासातले वीर चौकटींत आले, मराठीतही आले. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी इंद्रजालसाठी बहादूर घडवला : डाकूचा मुलगा, अंगात कुर्ता, खाली जीन्स, आणि गावाचं रक्षण गावकऱ्यांनीच करायचं हा त्याचा हट्ट. आम्हाला तो फार आवडायचा, कारण तो एकटा लढत नाही, गाव उभं करतो. दिल्लीहून राज कॉमिक्सचे नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव आले, ते हिंदीत. ध्रुव हा आमचा लाडका : सर्कशीत वाढलेला, अनाथ, अंगात दैवी शक्ती नाही, नुसतं डोकं आणि मोटारसायकल. मग १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. मराठीत बोलणारा वेताळ गप्प झाला.

त्याची जागा पडद्याने घेतली. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली आला. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी गल्ली! आता या मोगलीचा प्रवास बघा. किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईचा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला. त्याने मोगलीला ठेवलं सिवनीच्या डोंगरात. सिवनी म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेला, पेंचच्या जंगलाकडे. पण जी मालिका आपण पाहिली ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये काढलेली. मुंबईत जन्मलेल्या माणसाचा, विदर्भाच्या उंबऱ्यावरचा पोरगा जपानला जाऊन गेवराईत परत आला आणि आपल्याशी हिंदीत बोलला. मराठीत बोलला असता तर वाट वाकडी झाली नसती. पण तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

तिथून पुढे हीच रीत पडली. शक्तिमान १९९७ मध्ये आला, हिंदीत. केबल आल्यावर पोकेमॉन, डोरेमॉन, शिनचान आले, सगळे हिंदीत. २००५ नंतरच्या कितीतरी मराठी पोरांची हिंदी शाळेत नाही, डोरेमॉनपुढे पक्की झाली. आमचं हिंदीशी भांडण नाही, कान गोड लागतो. पण पोरांच्या डोक्यात एक वाटणी होऊन बसली : मराठीत अभ्यास करायचा, मराठीत रागावून घ्यायचं, आणि उडायचं, लढायचं, जग वाचवायचं ते हिंदीत.

वाईट वाटतं ते अशासाठी, की या जपानी वीरांशी आपलं जुनं नातं आहे. ‘ड्रॅगन बॉल’चा गोकू घ्या. अकिरा तोरियामांनी तो १९८४ मध्ये आणला. त्याचं पूर्ण नाव सोन गोकू. हा चिनी कथेतल्या वानरराज सुन वुकोंग या नावाचा जपानी उच्चार. त्या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीत हा वानर एका भिक्षूला सांभाळत पश्चिमेला, म्हणजे भारताकडे, पोथ्या आणायला निघतो. तो भिक्षू खरा होऊन गेला. आपण त्याला ह्युएनत्संग म्हणून शाळेत शिकलो.

आणि हा ह्युएनत्संग सातव्या शतकात, पुलकेशी दुसरा राज्य करत असताना, महाराष्ट्रात आला होता! इथल्या लोकांविषयी त्याने लिहून ठेवलं आहे. त्याचा आशय असा : हे लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात, पण सूड घ्यायच्या आधी शत्रूला सावध करतात, आणि संकटात कुणी हाक मारली तर स्वतःला विसरून धावून जातात.

मंडळी, आता गोकू आठवा. सेल नावाचा राक्षस दमलेला दिसला तर हा त्याला ताकदीचा दाणा खायला देतो, म्हणजे लढाई बरोबरीची होईल! आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारला. मग ह्युएनत्संग आठवला. गोकू मराठी आहे असं आम्ही म्हणत नाही. इतिहासाच्या व्याख्यानात असलं काही बोलू नये. पण ज्या भिक्षूच्या गोष्टीतून तो निघाला, तो भिक्षू आपल्याला भेटून गेला होता, एवढं पोरांना मराठीत सांगायला कुणीतरी हवं होतं.

आता शेवटचा वीर : नारुतो. मासाशी किशिमोतोंनी १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं तो रेखाटला. अनाथ पोर, पोटात नऊ शेपट्यांचा कोल्हा कोंडलेला, त्यामुळे गाव त्याला जवळ करत नाही. आणि याची इच्छा काय? त्याच गावाचा प्रमुख व्हायचं. गाव सोडून जायचं नाही, गाव जाळायचं नाही; गावाने आपल्याला आपलं म्हणावं.

आमच्या शेजारी एक दहा वर्षांचा मुलगा राहतो. आईवडील दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात, उन्हाळा लागला की येतात. तो आजीजवळ असतो. आपल्या जिल्ह्यात अशी घरं किती, हे तुम्हाला सांगायला नको. त्याने नारुतो मोबाईलवर हिंदीत पाहिला आणि संध्याकाळी ओट्यावर आजीला सांगायला बसला. आजीला हिंदी येत नाही, म्हणून मराठीत. आम्ही अलीकडे बसून ऐकत होतो.

‘आजे, त्याच्या पोटात कोल्हा हाय.’

आजी म्हणाली, ‘मग त्येला देवीला का नाही नेलं कुणी?’

पोरगा विचारात पडला. मग म्हणाला, ‘त्याला न्यायला घरचं कुणी नव्हतं ना.’

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बरं. पुढं सांग.’

वेताळाला नाव देणाऱ्याने १९६० च्या दशकात जे काम केलं, तेच त्या ओट्यावर झालं. बाहेरचा वीर आपल्या शिवेच्या आत आला. फरक एवढाच की तेव्हा त्यासाठी छापखाना होता, पगार होता, कुठला शब्द कुणाला खुपेल हे पाहणारा माणूस होता. आज ते काम दहा वर्षांचं पोर एकट्याने करतं, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

मराठीला हे पेलणार नाही, असं कुणी म्हणू नये. २००४ मध्ये स्पायडर-मॅनचा भारतीय अवतार निघाला. त्याचं नाव पवित्र प्रभाकर, खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला मुलगा. कॉमिक मात्र इंग्रजीत. पण तोच पवित्र २०२३ मध्ये मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा तो चित्रपट भारतात दहा भाषांत लागला आणि त्यात मराठी होती. म्हणजे दार बंद नाही. ठोठावणारे कमी आहेत.

म्हणून जाताना एकच मागणं. इथं शिक्षक बसले आहेत, वाचनालय चालवणारे आहेत, आजी-आजोबा आहेत. पोरं नारुतोची, गोकूची गोष्ट सांगायला लागली की ‘हे काय जपानी खूळ’ म्हणून उठू नका. ऐका, प्रश्न विचारा, आणि जमलं तर त्यांच्याकडून ती वहीत मराठीत लिहून घ्या. फास्टर फेण्याचं पुस्तक शेजारी ठेवा; तो आपली जागा आपण करून घेईल, त्याची काळजी नको. अशा वह्या भरल्या, तर त्यांतलं एखादं पोर पुढे स्वतःचा वीर लिहील. तो कदाचित राक्षसभुवनच्या घाटावर राहत असेल, कदाचित उसाच्या फडात. पण बोलेल मराठीत.

 आता प्रश्न घेऊ, आणि पहिला प्रश्न लहान मुलांपैकी कुणीतरी विचारावा.