१६ बिटांचं माप

शाळेत अपूर्णांकाचा पूर्णांक करताना चुकलं, तर फार तर एक गुण जातो. पण ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून प्रथमच उडालेला युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण याच रूपांतरापायी ४० सेकंदांच्या आसपास नष्ट झाला. सोबतचे चार उपग्रहही गेले.

त्याच्या दिशादर्शक संगणकात आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ६४ बिटांत, अपूर्णांकासह होती. ती १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती, आणि तिथे जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. पायलीभर धान्य शेरात ओतावं, तसं झालं. राखीव आणि मुख्य, दोन्ही संगणक बंद पडले.

प्रोग्रॅम जुन्या एरियान-४ चा होता. तिथे अशा सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तीन विचारपूर्वक सोडल्या होत्या. त्या बाणाचा आडवा वेग कमी, त्यामुळे तो विचार बरोबरच होता. एरियान-५ साठी मात्र तो कोणी पुन्हा पडताळला नाही. शिवाय हे गणित नव्या बाणाला उड्डाणानंतर लागतच नव्हतं!

मला वाटतं, बरोबर आलेलं उत्तरच जास्त सांभाळावं लागतं. उदाहरण बदललं तरी आपण तेच लिहीत राहतो.