डिमेंशिया आणि जीन्स: एन्झाइममधल्या छोट्याशा बदलाने धोका खरंच वाढतो का?



गेल्या दिवाळीत आजीने मला एकाच संध्याकाळी तीन वेळा विचारलं, "तू कुणाचा रे बाळा?" तिला डिमेंशिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. रात्री आई हळूच म्हणाली, "अरे, तुझ्या मोबाईलवर बघ ना, मला पण असंच होणार का?" मी सर्च केलं, तर थुंकीवरून डीएनए तपासणाऱ्या किटच्या जाहिरातीच जास्त. ऑर्डर करायच्या आधी मी थोडा अभ्यास केला. तोच आज सोप्या भाषेत सांगतो.

एन्झाइम आणि व्हेरियंट म्हणजे काय?

एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात 'विकर' म्हणतात. शरीरातल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारी ही प्रथिनं. भाकरी जास्त वेळ चावली की गोड लागते, ते लाळेतल्या एन्झाइममुळेच. एखादं एन्झाइम कसं बनवायचं याची माहिती जीनमध्ये, म्हणजे जनुकात असते. त्या माहितीत एखादं अक्षर वेगळं असलं की झाला व्हेरियंट. बहुतेक व्हेरियंटमुळे काही बिघडत नाही. काहींमुळे मात्र एन्झाइमचं काम बदलतं.

मेंदूतली कात्री

डिमेंशियाचं सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. मेंदूच्या पेशींवर एपीपी नावाचं प्रथिन असतं. बीटा-सिक्रेटेज आणि गॅमा-सिक्रेटेज ही दोन एन्झाइम्स ते कात्रीसारखी कापतात आणि अमिलॉइड बीटा हा तुकडा तयार होतो. तुकडा जरा लांब कापला गेला तर तो जास्त चिकट असतो आणि मेंदूत साचत जातो.

गॅमा-सिक्रेटेजचं 'पातं' पीएसईएन1 या जीनपासून बनतं. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात काही मोठ्या कुटुंबांमध्ये या जीनचा ई280ए हा व्हेरियंट पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी अनेक दशकं या कुटुंबांचा अभ्यास केला. हा व्हेरियंट असलेल्यांना साधारण 44 व्या वर्षी विसरायला होऊ लागतं आणि 49 च्या आसपास डिमेंशिया होतो. आई किंवा वडिलांकडे तो असेल, तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता 50 टक्के.

मग कात्रीच बंद केली तर? गॅमा-सिक्रेटेज रोखणाऱ्या सेमागासेस्टॅट या औषधाच्या चाचण्या 2010 मध्ये थांबवाव्या लागल्या, कारण रुग्णांची स्थिती उलट जास्त बिघडली. हे एन्झाइम शरीरात इतरही बरीच महत्त्वाची कामं करतं.

काही व्हेरियंट फायद्याचे पण!

पीएलसीजी2 हे मेंदूतल्या सफाई आणि संरक्षण करणाऱ्या पेशींमधलं एन्झाइम आहे. त्याचा पी522आर हा दुर्मिळ व्हेरियंट एन्झाइमला थोडं जास्त सक्रिय करतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना अल्झायमरचा धोका कमी असल्याचं 2017 मध्ये समोर आलं.

मग किट घ्यायचं का?

इथे गोंधळ होतो. कोलंबियासारखे, आजार जवळपास नक्की घडवणारे व्हेरियंट अल्झायमरच्या 1 टक्क्याहूनही कमी रुग्णांमध्ये असतात. घरगुती किट बहुतेक वेळा एपीओई हा वेगळाच जीन बघतात. त्यापासून बनतं ते एन्झाइम नाही, तर चरबीची ने-आण करणारं प्रथिन. त्याचा ई4 प्रकार असेल तर धोका वाढतो, पण तो असूनही अनेकांना आयुष्यभर आजार होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. म्हणजे ॲपवर दिसणारा लाल रंग हा निकाल नाही, फक्त शक्यता आहे.

अजून एक गोष्ट. पासवर्ड लीक झाला तर बदलता येतो, डीएनए नाही. शिवाय तुमच्या डीएनएमध्ये तुमच्या भावंडांचीही माहिती असते. त्यांना न विचारता ती अपलोड करायची का, हा विचार आधी करा.

घरात एकापेक्षा जास्त जणांना साठीच्या आतच डिमेंशिया झाला असेल, तर किट न मागवता न्यूरोलॉजिस्टला भेटा आणि जनुकीय समुपदेशनाबद्दल विचारा.

मी काय केलं?

आजीचा त्रास 76 व्या वर्षानंतर सुरू झाला आणि घरात दुसऱ्या कुणाला नाही. त्यामुळे मी किट मागवलं नाही. 2024 च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालानुसार 14 गोष्टी सांभाळल्या तर जगातले सुमारे 45 टक्के डिमेंशिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. ब्लड प्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, कमी ऐकू येणं, एकटेपणा हे सगळं त्यात आहे. म्हणून किटच्या पैशात आईचं बीपी, शुगर आणि कान तपासून आणले. बीपी जास्त निघालं, गोळी सुरू झाली. तिला म्हटलं, "आई, जीन बदलता येणार नाही, पण ही गोळी चुकवायची नाही." आता रोज रात्री 9 ला तिच्या मोबाईलवर अलार्म वाजतो.

तुमच्याही घरी कुणी हाच प्रश्न विचारत असेल, तर हा लेख त्यांना नक्की शेअर करा.