पुरातत्त्वशास्त्र : पदवीनंतरच्या वाटा

नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे हे गाव 'दक्षिण काशी' म्हणून भाविकांना परिचित आहे. तापी-गोमाई संगमावरील या गावाची आणखी एक ओळख मात्र फारशी ठाऊक नसते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1954-55 मध्ये बी. के. थापर यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाण युगापासून मध्ययुगाच्या आरंभापर्यंतच्या वस्तीचे थर उजेडात आणले. थापर पुढे याच खात्याचे महासंचालक झाले. असा वारसा दाराशी असूनही, 'पुरातत्त्व शिकून नोकरी कुठे मिळणार?' हा प्रश्न जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना व पालकांना पडतोच.

शिक्षण
पुणे येथील डेक्कन कॉलेज ही या विषयातील देशातील अग्रगण्य संस्था. तेथे पुरातत्त्वशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन या दोन्हींची सोय आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर ग्रेटर नोएडा येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करता येतो. तेथे प्रत्यक्ष उत्खननाच्या प्रशिक्षणावर भर असतो.

शासकीय सेवा
1861 मध्ये स्थापन झालेले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे या क्षेत्रातील सर्वांत मोठे नियोक्ते. उपअधीक्षक पुरातत्त्वज्ञासारख्या पदांची भरती संघ लोकसेवा आयोगामार्फत होते. महाराष्ट्रात राज्य शासनाचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. परंतु ही पदे मोजकी असतात आणि जाहिराती दरवर्षी निघतीलच असे नाही. त्यामुळे केवळ सरकारी नोकरीवर भिस्त ठेवणे श्रेयस्कर नाही.

इतर क्षेत्रे
अध्यापनाची आवड असणाऱ्यांनी 'नेट' परीक्षा द्यावी. तिच्यात पुरातत्त्वशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. वस्तुसंग्रहालयांत अभिरक्षक, जतनतज्ज्ञ व प्रलेखनकार यांची गरज असते. धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांतील हस्तलिखिते व जुनी कागदपत्रे वाचण्यासाठी मोडी लिपी व अभिलेखविद्या उपयोगी पडते. वारसा पर्यटन, प्रकाशन व माहितीपट यांतही जाणकारांना वाव आहे.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनीही या विषयाकडे पाठ फिरवू नये. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केलेल्या उत्खननात जळालेले धान्य, प्राण्यांची हाडे व मानवी सांगाडे यांचा अभ्यास त्या-त्या विषयाच्या तज्ज्ञांनी केला. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, रसायनशास्त्र किंवा संगणकीय नकाशाशास्त्र यांपैकी एकाची जोड असलेल्या उमेदवाराला संशोधन प्रकल्पांत संधी अधिक असते.

स्थानिक विद्यार्थ्यांचे बलस्थान
आजच्या समाजातील घरबांधणी, मृद्भांडी, शेती व अंत्यविधी यांच्या निरीक्षणावरून प्राचीन अवशेषांचा अर्थ लावणाऱ्या शाखेस लोकजीवनाधारित पुरातत्त्व म्हणतात. भिली, पावरी किंवा अहिराणी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला सातपुड्यातील पाड्यांवर अशा अभ्यासासाठी दुभाष्याची गरज भासत नाही. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला हे भांडवल सहजी मिळत नाही.

उन्हातान्हात महिनोन्‌महिने राहण्याची तयारी, चिकाटी आणि अचूक नोंदी ठेवण्याची सवय ही या व्यवसायाची पूर्वअट आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी एखाद्या उत्खननस्थळी काही दिवस घालवावेत. पदवी हातात पडेपर्यंत एखादे पूरक कौशल्यही आत्मसात करावे. नोकरीची वाट बहुधा त्यातूनच निघते.