चिऊचं दार : एका काळ्या गोष्टीचा दोन मिनिटांचा ट्रेलर

खरं तर आज आम्ही ऐकायला आलो होतो, पण बोलायला उभं केलंत. वरवट बकालच्या या मुलामुलींना चिऊ-काऊच्या गोष्टीचा ट्रेलर करायचा आहे. सिनेमा नाही, नुसता ट्रेलर, दोन मिनिटांचा. गोष्ट ‘डार्क’ करायची असं त्यांचं ठरलंय. हातातल्या कागदावर यादी आहे: जळलेली पिसं, लाल डोळे, स्मशानातला उजेड, ड्रोननं घेतलेला पाऊस. यादी वाचून आम्ही एवढंच विचारलं, की बाबांनो, मूळ गोष्ट गोडगुलाबी आहे असं तुम्हाला सांगितलं कुणी?

जरा आठवून पाहा. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. भिजलेला कावळा चिऊच्या दारात हाका मारतो आणि ती आतून एकेक कारण सांगत राहते: बाळाला न्हाऊ घालतेय, तीट लावतेय, निजवतेय. शेवटी दार उघडतं. पुढं घरोघरी गोष्टीला फाटे फुटतात. कुठं कावळा तापल्या तव्यावर बसतो नि भाजतो, कुठं रात्रभर चिऊचा खाऊ चोरून खातो, कुठं तिची पिल्लंच गट्ट करतो. हे सगळं आपण ऐकलं ते दोन-तीन वर्षांचे असताना, तोंडात वरणभाताचा घास घेऊन. यात आणखी काळं काय ओतणार?

गोष्टी धुऊन स्वच्छ करायची खोड जुनी आहे. पेरोच्या १६९७ च्या पुस्तकात लाल टोपीवाल्या मुलीला लांडगा खातो आणि गोष्ट संपते. सोडवायला कुणी येत नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघते ती तिची सख्खी आई. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. आईची अब्रू राखली, आणि जगभरच्या सावत्र आयांवर कायमचा डाग लावला! हे अर्थात आमचं मत.

आपल्याकडं वेगळंच घडलं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. सोबत ॲना लिबेराता डिसूझा नावाची आया. ॲना गोष्टी सांगायची, मेरी उतरवून घ्यायची. १८६८ साली लंडनमध्ये त्यांचं पुस्तक निघालं, ‘ओल्ड डेक्कन डेज’. त्यात ॲनानं आपली हकिगतही सांगितलेली आहे. या गोष्टी तिनं आजीकडून ऐकलेल्या.

त्यातली सूर्याबाईची गोष्ट मुलांनी जरूर वाचावी. गरुडांनी पळवून वाढवलेली ही पोर घरात एकटी असते. राक्षस येतो, दार ओरबाडतो, त्याचं नख मोडून फटीत अडकतं. दार बंदच राहतं, राक्षस निघून जातो. नंतर सूर्याबाई दार उघडते, ते विषारी नख तिच्या हातात रुततं आणि ती मेल्यासारखी कोसळते. पुढं नख काढल्यावर ती उठते, ते असो. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे, की राक्षस गेल्यावर भीती दारात उरते. चिऊच्या गोष्टीतही भीतीची जागा दारच आहे.

आता एक कबुली. नीतिशास्त्र शिकवताना आम्ही ही गोष्ट वर्षानुवर्षं दूरदृष्टीचं उदाहरण म्हणून दिली. चिऊ शहाणी, कावळा बेफिकीर. मघाशी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, त्याचं घर वाहून गेलं, मंग त्यानं जावं कुठी?” आम्ही गप्प झालो. शेणाचं घर वाहून गेलं, हे पुण्यातल्या वर्गात गमतीनं सांगता येतं. इथं जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराचं पाणी घरांत शिरलेलं या मुलांनी पाहिलंय. त्यांना कावळ्याच्या जागी उभं राहायला कल्पनाशक्ती लागत नाही. आणि शेण-मेणाचा फरक दूरदृष्टीचा की ऐपतीचा, हा प्रश्न आम्ही इतक्या वर्षांत एकदाही फळ्यावर लिहिला नाही.

बरं, ट्रेलरकडं येऊ. ट्रेलर म्हणजे मागून ओढत येणारा. पूर्वी ही चित्रफीत सिनेमा संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव. आता तो पुढं आला, नाव मागचंच राहिलं. पण सिनेमाच्या आधी सिनेमाची खात्री पटवायची युक्ती आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ सालीच केली होती. भांडवल हवं होतं, लोकांचा विश्वास नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोप वाढताना टिपलं. मिनिटभराची फिल्म झाली, ‘अंकुराची वाढ’. ती पाहून पैसे मिळाले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. गंमत बघा, त्या मिनिटात ना हरिश्चंद्र, ना तारामती, ना डोंब. एक वाटाणा! पण हा माणूस पडद्यावर काय घडवू शकतो, ते त्या वाटाण्यात दिसलं.

म्हणून आमची सूचना एवढीच: तुमचा वाटाणा शोधा. आम्हाला विचाराल तर तो म्हणजे दार. दोन्ही मिनिटं कॅमेरा घराच्या आत ठेवा, चिऊच्या बाजूला. उजेड चुलीचा, तवा तापत ठेवलेला. बाहेरून फक्त पाऊस आणि कडी वाजल्याचा आवाज. कावळा दाखवूच नका. बाळाला अंघोळ चाललीय, तीट लागतेय, हे हात सावकाश दिसू द्या, आणि प्रत्येक कामाला आधीच्यापेक्षा जरा जास्त वेळ लागू द्या. कडी वाजायची थांबते तिथं ट्रेलर तोडा. तो आत आला की निघून गेला, हे सांगू नका.

ड्रोनचं भाडंही वाचेल. पाऊस पत्र्यावर पाणी ओतून होतो. आवाज मात्र खऱ्या पावसातच ध्वनिमुद्रित करा, नळाचा आवाज लगेच कळतो. दार कुणाच्या घरचं घ्यायचं यावर मुलांचं एकमत नाही. एक जण म्हणतो जुनं सागवानी, दुसरी म्हणते घरकुलाचं लोखंडी. आमचं मत लोखंडीला आहे.