डागडुजी कीं बिऱ्हाडबदल ?

जुन्या घराची डागडुजी करून तेथेंच राहावें, कीं बिऱ्हाड उचलून नव्या जागीं जावें, हा प्रश्न मध्यम स्थितींतील कुटुंबास केव्हां ना केव्हां पडतोच. गेल्या चाळीसएक वर्षांत ह्याच प्रश्नानें मेजावरील संगणकाच्या रूपानें घरोघरीं पुन्हां पुन्हां दार ठोठावलें आहे. पडदा, कळफलक, तबकडी आणि छपाईचें यंत्र ह्यांजकडून काम करवून घेणारा जो अदृश्य कारभारी संगणकांत बसलेला असतो, त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कारभारी बदलला कीं हाताखालच्या सर्व नोकरांची बसलेली घडी विस्कटते. कांहींस नवा कारभारी मानवतो, कांहीं काम सोडून जातात. म्हणून जुनाच ठेवावा, त्याचा धाकटा भाऊ आणावा, कीं अगदींच परका माणूस नेमावा, ह्याचा विचार करतांना भल्याभल्यांनीं डोकें खाजविलें आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हांच हा प्रश्न जन्मास आला. त्या यंत्रासाठीं मायक्रोसॉफ्टची डॉस चाळीस डॉलरांस मिळे. डिजिटल रिसर्चची सीपीएम-८६ कांहीं महिन्यांनीं आली, आणि तिला २४० डॉलर पडत. ग्राहकांनीं काय केलें हें सांगावयास नकोच. विशेष हें कीं, डॉस ही मायक्रोसॉफ्टनें मुळांत रचलेली नव्हती. सिअॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नांवाच्या लहानशा कंपनीकडून तिनें ती विकत घेतली होती. मात्र आयबीएमशीं करार करतांना ती इतर कारखानदारांस विकण्याचा हक्क तिनें आपल्या हातीं राखला. पुढील सर्व साम्राज्य ह्या एका अटीवर उभें राहिलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

निवडीचा खरा कस लागला तो १९९४-९५ सालीं. आयबीएमची ओएस-२ वॉर्प ही प्रणाली ऑक्टोबर १९९४ मध्यें निघाली. ती भक्कम होती; एक काम कोसळलें तरी बाकीचीं सहसा चालूं राहत; शिवाय डॉस आणि विंडोज ३.१ ह्यांचीं जुनीं कामेंहि ती चालवी. गुणांवर निकाल लागावयाचा असता, तर तो तिच्याच बाजूनें लागता. परंतु जुनीं विंडोजचीं कामें ती इतकीं चांगलीं चालवी कीं, तिच्यासाठीं म्हणून स्वतंत्र कामें रचण्याची निकड कोणास भासेना. इतक्यांत २४ ऑगस्ट १९९५ रोजीं विंडोज ९५ आली. तिच्यासाठीं रचलेलीं नवीं कामें वॉर्पवर चालत ना. दोन वर्षांतच दुकानांतील फळ्या विंडोज ९५ च्या मालानें भरून गेल्या. वॉर्प घेणाऱ्यांची पारख चुकली नव्हती. कारभारी उत्तमच होता, पण त्याच्या हाताखालीं नोकर येईनात. डिसेंबर २००६ अखेर आयबीएमनें ओएस-२ ची देखभाल थांबविली.

२५ ऑक्टोबर २००१ रोजीं आलेली विंडोज एक्सपी ही मात्र घरांत आली ती कुटुंबांतलीच होऊन बसली. तिच्यापूर्वींच्या ९८ आणि मिलेनियम ह्या घरगुती आवृत्त्या अजून डॉसच्याच पायावर उभ्या होत्या. एक्सपीनें तो पाया काढून कचेऱ्यांतील एनटीचा मजबूत पाया घरीं आणला. ३० जानेवारी २००७ रोजीं व्हिस्टा सर्वांसाठीं बाजारांत आली, तोंवर लोकांस एक्सपीची संवय जडली होती. व्हिस्टाचें रूप देखणें, पण खाणें अफाट. तिचा सगळा साज दिसावयाचा तर एक गिगाबाइट स्मृति लागे, आणि त्या काळच्या अनेक संगणकांत तिच्या निम्मी, चौथाई असे. जुनीं छपाईयंत्रें व स्कॅनर तिला ओळख देईनात, कारण त्यांचे ड्रायव्हर कारखानदारांनीं नव्यानें लिहिलेच नव्हते. 'व्हिस्टा चालेल' अशी चिठ्ठी डकवून विकलेल्या यंत्रांवर ती धड चालत नाहीं, म्हणून अमेरिकेंत दावाहि दाखल झाला. नवा संगणक घेऊन त्यांत मुद्दाम जुनी एक्सपी घालून घेणारे लोक तेव्हां निघाले. बाजारांत असला प्रकार विरळाच !

२२ ऑक्टोबर २००९ रोजीं निघालेल्या विंडोज ७ नें व्हिस्टाचे बहुतेक दोष काढले. परंतु एक्सपीवरून सातवर येण्यास सरळ जिना नव्हता. पाटी पुसून नव्यानें मांडामांड करावी लागे. घरांतील छायाचित्रें, हिशेब, पत्रें अगोदर दुसरीकडे उतरवून न ठेवणाऱ्यास ह्याची मोठी किंमत मोजावी लागली. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ पर्यंत चालली, म्हणजे साडेबारा वर्षें.

मराठी घरांपुढें ह्या सर्वांच्या जोडीस आणखी एक पेंच होता, आणि इंग्रजींत लिहिणाऱ्यांस त्याची कल्पनाहि नसे. प्रारंभीं संगणकावर देवनागरी दिसे ती एका क्लृप्तीनें : इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचीं चित्रें बसविलेलीं असत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपि काय, किंवा पुण्याच्याच सी-डॅकची आयएसएम काय, प्रत्येकाची मांडणी निराळी. तो फाँट यंत्रांत नसला कीं आजोबांचें आत्मचरित्र इंग्रजी चिन्हांचा गिचमिडा होऊन पुढें येई. पणज्याच्या पेटींतील मोडी दफ्तर वाचतां न येणाऱ्या नातवाची जी गत, तीच ही. फरक इतकाच कीं, मोडीस तीन पिढ्या लागल्या आणि ह्यास तीन वर्षें पुरलीं.

ह्यावरचा उपाय युनिकोड. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तींत त्यानें देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक दिला. पण क्रमांक मिळणें आणि अक्षर पडद्यावर नीट उमटणें ह्यांत अंतर असतें. विंडोजमध्यें ती सोय प्रथम विंडोज २००० मध्यें, मंगल ह्या फाँटसह आली. एक्सपींत ती सोय आपण होऊन चालू करावी लागे, आणि बहुधा मूळ तबकडी मागितली जाई. ती कपाटांत हरवलेली असणें हें ओघानेंच आलें. व्हिस्टापासून ती आपोआप मिळूं लागली. म्हणजे ज्या व्हिस्टास सर्वत्र नांवें ठेवलीं गेलीं, तिनें मराठीचें एक काम निमूटपणें केलें. जे ९८ वरच राहिले, त्यांस नवें मराठी वाचतां येईना. जे पुढें गेले, त्यांस आपलें जुनें लिखाण रूपांतर करून घ्यावें लागलें. दोहोंपैकीं दुसरा त्रास एकदांच भोगावा लागतो, म्हणून तोच पत्करणें शहाणपणाचें होतें.

आतां परक्या कारभाऱ्याविषयीं. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ मध्यें ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्यानें आपण छंद म्हणून एक प्रणाली रचीत असल्याचें कळविलें. ह्या दोहोंच्या संगमांतून लिनक्स घडली. ती कोणासहि घ्यावयास, तपासावयास व वांटावयास मोकळी. २००० सालच्या नॉपिक्सनें दाखविलें कीं, संगणकांतील कांहींहि न पुसतां नुसत्या तबकडीवरून ती चालवून पाहतां येते. ऑक्टोबर २००४ मध्यें आलेल्या उबुंटूच्या तबकड्या तर कांहीं वर्षें पोस्टानें फुकट घरपोंच येत. अडचण पडे ती निराळीच : स्वस्त मोडेम तिला जुमानत नसत, आणि टॅलीसारखीं हिशेबाचीं कामें तिच्यासाठीं बनविलेलीं नव्हतीं. मराठी मात्र तिच्यावर स्वच्छ उमटे. लोहित घराण्याचे फाँट सोबतच येत, आणि इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हींकडे एकच असल्यानें बोटांस नवें वळण लावावें लागत नसे. म्युनिक नगरपालिकेनें २००३ मध्यें लिनक्सचा मार्ग धरला, सुमारें १५,००० संगणक दहा वर्षांत तिकडे नेले, आणि २०१७ मध्यें परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. नगरपालिकेच्या राजकारणावरून घरानें निर्णय घेऊं नये हें बरें.

नुसतें जागच्या जागीं राहणेंहि निर्धोक नसतें. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाच्या उपद्रवानें जगभर संगणकांतील कागदपत्रांस कुलुपें घातलीं व खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांचीं कामें अडलीं. तें भगदाड बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. बाधित यंत्रांपैकीं बहुसंख्य विंडोज ७ चीं, म्हणजे तेव्हां देखभाल चालू असलेल्या प्रणालीचीं होतीं. घर जुनें म्हणून चोर शिरला नाहीं. दिलेली कडी लावली नव्हती म्हणून शिरला.

२९ जुलै २०१५ रोजीं विंडोज १० आली, ती पहिलें वर्षभर फुकट. आग्रह इतका कीं, सूचनेची चौकट मिटविण्यासाठीं फुली दाबली तरी ती संमतीच धरली जाई. ह्यावरून २०१६ मध्यें बरीच ओरड झाली. ५ ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ नें उलट दार अरुंद केलें. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची साधारणतः आठव्या पिढीची वा नंतरची चिप असेल, तरच प्रवेश. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं दहाची देखभाल संपली. घरगुती ग्राहकांस नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत दिली गेली. त्यामुळें उत्तम चालणारीं असंख्य यंत्रें केवळ दाराच्या मापांत न बसल्यामुळें पेंचांत सांपडलीं. अशा यंत्राच्या धन्यानें पेनड्राइव्हवरून लिनक्स दोन-चार दिवस चालवून पाहावी. छपाईयंत्र कागद काढतें कीं नाहीं, बँकेचें काम होतें कीं नाहीं, हें तपासावें. आणि त्याआधीं सर्व कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवावी. श्रीलिपींतील लिखाण रूपांतरित होईपर्यंत जुनी विंडोज पुसूं नये. तें यंत्र इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यांत ठेवलें, तरी जुनीं पानें वाचण्यापुरतें तें पुष्कळ दिवस कामास येतें.